थिंकपॅड टी४८०ची आतली बॅटरी घरीच बदलायची आहे : कोणती घ्यावी, काय सांभाळावे?

डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी. लॅपटॉप लेनोवो थिंकपॅड टी४८०, प्रोसेसर आय५-८२५०यू, विंडोज १०. याला दोन बॅटऱ्या असतात : एक मागच्या बाजूने खटके सरकवून निघणारी, दुसरी पोटात. बॅटरी रिपोर्टमधले आकडे असे :

आतली : मूळ क्षमता २४,००० मिलिवॉट-तास, आता पूर्ण चार्ज झाल्यावर ८,३००, सायकल (पूर्ण भरून उतरण्याच्या फेऱ्या) ६१२.
बाहेरची (६१ नंबरची, सपाट) : मूळ २४,०००, आता १९,१००, सायकल २३८.

बाहेरची संपेपर्यंत सगळे ठीक चालते. मग आतलीवर आला की २८-३० टक्के दिसत असतानाच लॅपटॉप एकदम बंद पडतो, सूचनाही येत नाही. बाहेरची बॅटरी चालू लॅपटॉपवरून काढली तरी कधीकधी तसेच होते. ट्रॅकपॅड नीट दाबला जातो, तळ सपाट आहे, म्हणजे फुगलेली वाटत नाही.

विचारायचे ते असे :
१. आतली एकटीच बदलावी की दोन्ही?
२. मूळ कंपनीचीच घ्यावी का? बाजारात 'सुसंगत' म्हणून बरीच मिळतात, काहींवर क्षमता जास्त लिहिलेली असते.
३. उघडताना नेमके काय करायचे? मोबाइल दुरुस्तीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर संच आहे, बाकी काही नाही.
४. जुनीचे काय करायचे?

पान्हा

तुमचे निदान बरोबर आहे. २४,०००तले ८,३०० उरले म्हणजे जेमतेम ३५ टक्के. बाहेरची ८० टक्क्यांच्या आसपास आहे, तिला आत्ता हात लावू नका. आतली एकटीच बदला.

आधी ती ३० टक्क्यांवर का बंद पडते ते सांगतो, कारण पुष्कळ लोक हे विंडोजचे दुखणे समजून फॉरमॅट मारत बसतात. आतल्या पॅकमध्ये ३ सेल एकापुढे एक जोडलेले आहेत, मिळून ११.४ व्होल्ट. २४ वॉट-तासाला ११.४ने भागले की २.१ अँपिअर-तास. आता प्रोसेसर कागदोपत्री १५ वॉटचा असला तरी टर्बोत, म्हणजे वेग वाढवल्यावर, काही सेकंद त्याच्या दुप्पट ओढतो. ३० वॉट धरले तर २.६ अँपिअर होतात. म्हणजे नव्या पॅकलासुद्धा तो क्षण जडच. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे एवढा प्रवाह मागितला की व्होल्टेज धपकन खाली येते आणि पॅकमधले संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. टक्के दाखवणारी गेज चिप सावकाश हिशोब करत असते, तिला हे कळेपर्यंत पडदा काळा झालेला असतो. तिघांतला एक सेल जरी इतरांपेक्षा जास्त थकलेला असला तरी हेच घडते, कारण सर्किट सर्वांत कमजोर सेलकडे बघून निर्णय घेते.

बाहेरची काढताना बंद पडण्याचे कारणही हेच. तेवढ्या क्षणापुरता सगळा भार आतलीने उचलायचा असतो, आणि तिला तो उचलत नाही.

(ज्यांना रिपोर्ट काढायचा आहे त्यांच्यासाठी : कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि बॅटरीरिपोर्ट एका शब्दात लिहून एंटर. फाइल कुठे ठेवली तो पत्ता खाली दिसतो, ती ब्राउझरमध्ये उघडते.)

आता उघडण्याचे काम. स्क्रूंचे काम अवघड नाही, पण पुढचा क्रम मोडू नका.

पहिल्यांदा वीज तोडणे. थिंकपॅडमध्ये यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मूळ सेटिंग) खास सोय आहे आणि ती वापरल्याशिवाय झाकण उघडू नये. आधी विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे ड्राइव्हचे कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, बायोसला हात लावल्यावर ती मागितली जाऊ शकते. मग चार्जर काढा, लॅपटॉप पुन्हा सुरू करताना एफ१ दाबत राहा, कॉन्फिग, त्यात पॉवर, त्यात 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा आणि हो म्हणा. लॅपटॉप आपोआप बंद होईल. आता बाहेरची बॅटरी काढा आणि ३ ते ५ मिनिटे तसाच निवू द्या. यानंतर काम संपेपर्यंत चार्जर चुकूनही लावायचा नाही. चार्जर लागला की आतली बॅटरी पुन्हा चालू होते आणि केलेले सगळे वाया जाते.

एसडी कार्ड, सिमचा ट्रे, माउसचा डोंगल, जे काही कडेला खोचलेले असेल ते काढा. नाही काढले तर झाकण तिथे अडकते.

तळाला ६ स्क्रू आहेत. ते झाकणाला बांधलेले आहेत, पूर्ण बाहेर येत नाहीत. सैल झाले की जागीच फिरत राहतात, त्यांना चिमट्याने ओढू नका. तुमच्या संचात फिलिप्सची बरीच टोके असतील, त्यांतले स्क्रूच्या डोक्यात न हलता बसणारे सर्वांत मोठे घ्या. मोबाइलच्या स्क्रूंचे बारीक टोक वापरले की डोके गुळगुळीत होते, आणि मग तो एक स्क्रू अख्खे काम अडवून ठेवतो. वरून दाब देऊन सावकाश फिरवा.

झाकण कडेने प्लॅस्टिकच्या खटक्यांनी धरलेले असते. बाहेरच्या बॅटरीची जी रिकामी खाच झाली आहे तिथून सुरुवात करा, म्हणजे बिजागरीच्या बाजूने. जुने एटीएम कार्ड किंवा गिटारचे पिक फटीत सरकवायचे आणि खटका टक्‌ करून सुटला की पुढे जायचे. चाकू किंवा चपटा स्क्रू ड्रायव्हर घालू नका. कड तर चेपतेच, शिवाय तो दोन मिलिमीटर आत घसरला तर बोर्डावर जातो. एका कोपऱ्याने उचलून पीळ देऊ नका, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे उचला. जिथे भांडेल तिथे जोर लावण्याआधी बघा, बहुधा एखादा स्क्रू अर्धा राहिलेला असतो.

आतली बॅटरी पुढच्या कडेला, आपण तळहात टेकतो त्या भागाखाली आहे. स्क्रू काढण्याआधी तिचा कनेक्टर बोर्डापासून सोडवा. कनेक्टरवर टॉर्च मारून तो बोर्डाला समांतर सरकतो की वर उचलला जातो हे पाहून घ्या. वायरींना धरून ओढायचे नाही, प्लॅस्टिकच्या कानांना दोन्ही बाजूंनी नख लावून हळूहळू हलवत काढायचे. घरगुती दुरुस्तीत बोर्डाचे सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते. कनेक्टरचा बोर्डावरचा भाग उपटला की बॅटरीऐवजी बोर्डाची दुरुस्ती पदरी पडते.

कनेक्टर सुटल्यावर पॉवरचे बटण १५ सेकंद दाबून धरा, कपॅसिटरमध्ये उरलेला भार जातो. मग बॅटरीचे स्क्रू काढा आणि ते ज्या जागी होते त्याच नकाशाने एका कागदावर सेलोटेपने चिकटवा. पॅक उचला, नवा ठेवा, आधी स्क्रू, मग कनेक्टर. वायर आपल्या खोबणीत बसली आहे ना ते पाहा. ती झाकणाच्या खांबाखाली आली तर स्क्रू आवळताना चिरडते, आणि तो बिघाड महिन्याभराने वर येतो.

झाकण लावताना उलटा क्रम. खटके कडेने दाबून बसवा, मगच स्क्रू. स्क्रूच्या जोरावर झाकण खाली खेचायचे नाही.

ओहम

पान्हा यांनी कामाचे सांगितले, मी खरेदीचे सांगतो. माझ्या मते नीट लक्ष द्यायचे ते इथेच. उघडणे-लावणे अर्ध्या तासाचे असते, चुकीची बॅटरी मात्र तीन वर्षे उरावर बसते.

तुमच्या मॉडेलच्या आतल्या पॅकचा भाग क्रमांक ०१एव्ही४८९. टी४८०एस हे वेगळे मशीन आहे, त्याची बॅटरी बसत नाही. 'टी४८० मालिका' एवढेच लिहून विकणाऱ्याकडून घेऊ नका. जुना पॅक बाहेर काढून त्यावरचा क्रमांक, व्होल्ट आणि वॉट-तास हे तिन्ही जुळवले की चूक होत नाही. कनेक्टरचा फोटोही शेजारी ठेवून पाहा.

थिंकपॅडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २०१२च्या एक्स२३०, टी४३० पिढीपासून लॅपटॉपचा कंट्रोलर बॅटरीची ओळख तपासतो. ओळख पटली नाही तर बॅटरी चालते, पण चार्ज करायला नकार मिळतो आणि सुरू होताना तसा संदेश येतो. सुसंगत पॅक बनवणारे ही तपासणी पार करणारी चिप घालतात, पण सगळ्यांचीच जमलेली नसते. म्हणून सुसंगत घेणार असाल तर परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि पहिल्याच दिवशी लावून बघा.

क्षमता जास्त लिहिलेल्या पॅकबद्दल. हा हिशोब प्रत्येकाने पाठ करावा : वॉट-तास म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, आणि सेलच्या आकाराला मर्यादा असते. या मशीनची मागची मोठी बॅटरी, ६१++, ७२ वॉट-तासांची आहे. तिच्यात ६ दंडगोल १८६५० सेल आहेत. ७२ भागिले ६ म्हणजे सेलमागे १२ वॉट-तास, ३.६ व्होल्टने भागले की ३.३ अँपिअर-तास. १८६५० आकारात चांगल्या कंपन्यांचे सेल ३.५ अँपिअर-तासांच्या आसपास थांबतात. तेव्हा त्याच ६ सेलच्या डब्यावर कोणी ९६ वॉट-तास छापले असतील तर सेलमागे १६ वॉट-तास, म्हणजे ४.४ अँपिअर-तास झाले. असा १८६५० नसतो. छापलेला आकडाच खोटा असेल तर आतले बाकी काही खरे धरू नका.

वजन हीही चांगली कसोटी. एक १८६५० सेल ४५ ग्रॅम किंवा थोडा जास्तच भरतो. सहांचे २७०, वर डबा आणि सर्किट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६१++ त्याहून हलकी भरली तर पैसे परत मागा. आतल्या पॅकमध्ये सपाट पाकीट-सेल असतात, तिथे जुना पॅक काट्यावर ठेवून तुलना करा.

लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा ८ आकडी नोंदणी क्रमांक हवा. लिथियम सेल आणि बॅटरीसाठीचे मानक आयएस १६०४६, दुसरा भाग. बीआयएस केअर हे ॲप मोबाइलवर घेऊन तो क्रमांक टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर तो आहे ते दिसते. लेबलवर एक नाव आणि ॲपमध्ये भलतेच, असे असेल तर तो क्रमांक कुठून तरी उचललेला आहे.

उत्पादनाची तारीख बघा. लिथियम सेल नुसता पडून राहिला तरी झिजतो, आणि पूर्ण रिकामा राहिला तर कायमचा जातो. 'अस्सल, सीलबंद' म्हणून चार वर्षांपूर्वीचा माल मिळत असेल तर त्यापेक्षा सहा महिन्यांपूर्वीचा चांगल्या दर्जाचा सुसंगत पॅक मी घेईन. लॅमिंग्टन रोड, तपकीर गल्ली अशा ठिकाणी जाऊन हातात घेऊन बघता येत असेल तर हा फायदा सोडू नका.

नवी बॅटरी ३० टक्क्यांच्या आसपास चार्ज असलेली आली तर वापरलेली आहे म्हणून घाबरू नका. हवाई मालवाहतुकीच्या नियमांनुसार १ एप्रिल २०१६पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातून पाठवताना चार्ज ३० टक्क्यांहून जास्त चालत नाही. उलट ९५ टक्के भरलेली आली तर मला शंका येईल.

लावल्यावर लगेच बॅटरी रिपोर्ट पुन्हा काढा. सायकल शून्य किंवा एक-दोन हवी, पूर्ण क्षमता मूळच्या जवळ हवी. पण एवढ्यावर विसंबू नका, गेज चिपमध्ये हवे ते आकडे भरता येतात. खरी परीक्षा घड्याळाची. बाहेरची बॅटरी काढून ठेवा, पडद्याचा प्रकाश निम्म्यावर, एखादा साधा व्हिडिओ लावून द्या. सरासरी ८ वॉट खर्च धरला तर २४ वॉट-तासांनी ३ तास काढायला हवेत. दीड तासात मान टाकली तर रिपोर्ट काहीही म्हणो, पॅक निम्माच आहे.

आणि कोणी 'आतले सेल बदलून देतो, सर्किट तेच ठेवू' म्हटले तर नको म्हणा. सेलला डाग (सोल्डर) दिला तर उष्णतेने तो बिघडतो, म्हणून स्पॉट वेल्डिंगच लागते. वर, सेल सुटले की काही गेज चिपा कायमचा बिघाड नोंदवून कुलूप लावतात, मग नवे सेल असूनही पॅक मृतच.

नागपूरकर

सांगायच्या दोन गोष्टी राहिल्या : फुगणे आणि विल्हेवाट.

डोंबिवलीकर, झाकण उघडल्यावर पॅक नीट बघा. तळ बाहेरून सपाट असला तरी पाकीट-सेल थोडासा उशीसारखा झालेला असू शकतो. आतला विद्रावक विघटित होऊन वायू साचलेला असतो. असा दिसला तर चारच गोष्टी लक्षात ठेवा : दाबायचा नाही, टोचायचा नाही, वाकवायचा नाही, आणि पुन्हा चार्ज तर करायचाच नाही. 'टाचणीने हवा काढली की बसते' असे सांगणारे व्हिडिओ आहेत. हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. पाकिटाला भोक पडले की आतले थर एकमेकांना टेकतात, बाहेरची दमट हवा आत जाते आणि पेट घेण्याची तयारी पूर्ण होते.

पॅक फुगलेला असो वा नसो, बदलण्याआधी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून ठेवावा. सेलमध्ये जितकी कमी ऊर्जा, तितका अपघात लहान. तुमची ३० टक्क्यांवर बंद पडते, तेव्हा जितकी उतरते तितकी पुरे, शून्यावर न्यायच्या मागे लागू नका.

काम फरशीवर किंवा ओट्यावर करा, गादीवर किंवा सतरंजीवर नको. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. धूर आला, फसफस ऐकू आली किंवा गोडसर, द्रावणासारखा वास आला तर पॅक बाहेर ओढता येत असेल तरच मोकळ्यावर टाका, नाहीतर खोली सोडा, दार लावा, १०१ किंवा ११२ला फोन करा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असते, तोंडाला रुमाल बांधून उपयोग होत नाही.

विल्हेवाटीबद्दल. घंटागाडीत टाकायची नाही, सुक्या कचऱ्यातही नाही. कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत पॅक चिरडला की गाडीतच आग लागते, आणि कचरा हाताने निवडणाऱ्या माणसांच्या हातात तो फुटू शकतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरणाऱ्याने बॅटरी घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळी काढून संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यायची आहे, आणि ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून नवी घेताना विक्रेत्याला जुनी परत घेणार का हे आधीच विचारा. देईपर्यंत कनेक्टरच्या पिनांवर इन्सुलेशन टेप लावा, कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि डबा उन्हात किंवा गॅसजवळ नको.

उन्हावरून आठवले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बहुतेक लिथियम-आयन सेलना चार्ज करण्याची वरची मर्यादाच ४५ अंश असते, आणि लॅपटॉपचे पोट खोलीपेक्षा १० अंश तरी गरमच. दुपारी बंद गाडीत ठेवलेला लॅपटॉप घरी आणून लगेच चार्जरला लावू नका. तासभर निवू द्या. ६१२ सायकलमध्ये ३५ टक्के उरण्यामागे नुसता वापर नाही, कायम १०० टक्के भरलेली आणि गरम, असे आयुष्य त्या बॅटरीने काढलेले असणार.

डोंबिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. ०१एव्ही४८९ मागवली, आर क्रमांक ॲपमध्ये जुळला, उत्पादन चार महिन्यांपूर्वीचे. जुनी किंचित उशीसारखी झालेली होती, टेप लावून डब्यात ठेवली आहे.

आता दोन अडचणी. सगळे जोडून झाकण लावले, बाहेरची बॅटरीही लावली, पण पॉवर बटण दाबून काहीही होत नाही. दिवासुद्धा लागत नाही. दुसरे, चालू झाला तर पुढे काय? आधी पूर्ण चार्ज करून पूर्ण उतरवायची असते म्हणतात, ते खरे का?

पान्हा

चार्जर लावा. बायोसमधून आतली बॅटरी बंद केली होती ना, ती चार्जर लागेपर्यंत बंदच राहते. नव्वद टक्के लोक इथे 'बोर्ड उडाला' म्हणून घाबरतात.

चार्जर लावून मिनिटभर थांबूनही दिवा लागला नाही तर दुसऱ्या यूएसबी-सी पोर्टमध्ये लावून बघा, टी४८० दोन्ही पोर्टांतून चार्ज होतो. तरीही नाही तर चार्जर आणि बाहेरची बॅटरी काढा. तळाला एक बारीक आणीबाणीचे रीसेट छिद्र आहे, त्यात सरळ केलेली कागदाची पिन घालून हलकेच दाबा, मिनिटभर थांबा, पुन्हा चार्जर लावा. हेही झाले नाही तरच झाकण उघडून कनेक्टर तपासायचा. एका बाजूने अर्धा मिलिमीटर वर राहिलेला कनेक्टर वरून बसल्यासारखाच दिसतो, बोट फिरवून पाहा. उघडण्याआधी बायोसचा क्रम पुन्हा करायला जमणार नाही, म्हणून चार्जर आणि बाहेरची बॅटरी काढून पॉवर बटण १५ सेकंद दाबा आणि सर्वांत आधी कनेक्टरच सोडवा.

सुरू होताना तारीख-वेळ चुकल्याचा ०२७१ क्रमांकाचा संदेश आला तर बायोसमध्ये वेळ लावा. पुन्हा पुन्हा आला तर घड्याळाचा नाण्याएवढा सेल संपला आहे.

ओहम

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : सेलसाठी गरज नाही, गेज चिपसाठी आहे. 'पहिल्यांदा आठ तास चार्ज' हा निकेल बॅटऱ्यांच्या काळातला नियम, लिथियमला तो लागू नाही. पण चिपला नव्या सेलची खरी क्षमता शिकावी लागते. त्यासाठी तिला दोन टोके दिसली पाहिजेत, भरलेले आणि रिकामे, आणि दोन्ही टोकांना थोडी विश्रांती. प्रवाह थांबल्यावर सेलचे व्होल्टेज लगेच स्थिर होत नाही, स्थिर झालेले व्होल्टेज वाचूनच चिप नोंद घेते.

करायचे असे : १०० टक्के चार्ज, मग २ तास तसेच सोडा. मग बंद पडेपर्यंत हलक्या कामावर उतरवा. बंद पडल्यावर ५ तास हात लावू नका. मग मध्ये न थांबता पुन्हा १००. एवढे एकदाच, दर महिन्याला करण्याची गरज नाही, उलट त्याने झीजच होते.

टी४८०वर यात एक मेख आहे. हा लॅपटॉप आधी बाहेरची बॅटरी संपवतो, मग आतलीला हात लावतो. म्हणून बाहेरची काढून ठेवूनच हे करा. लेनोवो व्हँटेज या कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी गेज रीसेटची सोय आहे, ती चार्जर लावलेला असतानाच बॅटरी उतरवून पुन्हा भरते. कित्येक तास लागतात, रात्री लावून द्या.

चार्ज करतानाही दोन्ही एकदम चार्ज होत नाहीत, एकीनंतर दुसरी. एक अडकून बसल्यासारखी दिसली तर दुसरीचे टक्के बघा.

सातारी

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एवढेच : आतली बॅट०, बाहेरची बॅट१. टीएलपी हा बॅटरी सांभाळणारा प्रोग्राम टाका, दोघींना चार्ज सुरू होण्याची मर्यादा ७५ आणि थांबण्याची ८० द्या. गेज शिकवायचे तर टीएलपी रिकॅलिब्रेट बॅट० ही आज्ञा चार्जर लावून चालवा. विंडोजवर व्हँटेजमध्ये 'बॅटरी चार्ज थ्रेशोल्ड' म्हणून हेच मिळते. गेज शिकवण्याच्या आधी ही मर्यादा काढा, नाहीतर ८०ला थांबून 'चार्ज होत नाही' असा संदेश येईल आणि नवी बॅटरी सदोष समजून तुम्ही परत पाठवाल. पॅक मर्यादेच्या आत असताना, म्हणजे ७५ ते ८०च्या मध्ये, चार्जर लावला तरी तसाच संदेश येतो.

दुसऱ्या लॅपटॉपवर हे सगळे करणाऱ्यांनी एक पाहावे. बऱ्याच मॅकबुकची बॅटरी स्क्रूंऐवजी गोंदाने चिकटवलेली असते. ती उपटताना वाकते, आणि वाकली की धोका नागपूरकरांनी लिहिलाच आहे. कडेने ९० टक्क्यांहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडून, दोन-तीन मिनिटे मुरू देऊन, दात साफ करायचा धागा खालून करवतीसारखा फिरवत सोडवतात. पहिलाच प्रयत्न असेल तर त्या मॉडेलवर करू नका. आणि २०१५च्या मध्यात आलेला १५ इंची रेटिना मॅकबुक प्रो असेल तर आधी सिरियल क्रमांक ॲपलच्या पानावर टाकून बघा. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात मुख्यतः विकलेल्या त्या मशीनच्या काही बॅटऱ्या तापून पेटण्याचा धोका असल्यामुळे जून २०१९मध्ये परत मागवल्या होत्या.

डोंबिवलीकर

चार्जर लावताच दिवा लागला. रिपोर्टमध्ये आतली २३,९००, सायकल शून्य. मर्यादा काढून १०० टक्क्यांवर आणली आहे, आता दोन तास थांबून बाहेरची काढतो आणि उतरायला लावतो. फास्ट स्टार्टअप यानंतर पुन्हा चालू केले तर चालेल का?

पान्हा

चालेल, पण सवय म्हणून बंदच ठेवा. 'शट डाउन' म्हटल्यावर तो खरोखर बंद झालेला असेल, पुढच्या वेळी बाहेरची बॅटरी काढताना खात्री राहील.